ओळखीच्या चेहऱ्याची वही

“बाबा, हा कितव्या मिनिटाला मरतो?”

मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा पडद्यावर एक बुटका, काटकुळा, मोठ्या डोळ्यांचा माणूस हम्फ्री बोगार्टच्या मागावर होता. त्याआधीच्या दोन सिनेमांत तिने त्याला पाहिलं होतं आणि दोन्हीकडे त्याचा मुडदा पडला होता. मी घड्याळाकडे पाहिलं, हाताला लागला तो कागदाचा कपटा घेतला आणि वेळ टिपून ठेवली. त्या कपट्याची पुढे वही झाली. जुन्या अमेरिकन सिनेमातल्या एखाद्या चरित्र अभिनेत्याचं आयुष्य आणि कारकीर्द कशी जुळवावी, असं कुणी विचारलं तर मी ती वहीच पुढे करतो. पद्धत साधी आहे. चिकाटी हवी, आणि रिमोट दुसऱ्या कुणाच्या हातात असून चालत नाही.

माणसाचं नाव एलिशा कुक ज्युनियर. पुढे जे सांगतोय ते त्याच्या उदाहरणाने सांगतोय, पण तुमच्या मनात दुसरा कुणी असेल तर त्याला घ्या. वॉल्टर ब्रेनन घ्या, थेल्मा रिटर घ्या. अट एकच: चेहरा पाहिल्याबरोबर “अरे, हा!” असं तोंडून निघालं पाहिजे आणि नाव आठवता कामा नये. (ज्यांना जुने रहस्यपट अजून पाहायचे आहेत त्यांनी इथेच थांबावं. पुढे मी सगळ्यांना मारणार आहे.)

सुरुवात जन्मापासून करू नका. नायकांची चरित्रं जन्मापासून लिहिता येतात, कारण त्यांच्या शाळेचे बाक कुठे होते इथपर्यंत कुणीतरी विचारून ठेवलेलं असतं. चरित्र अभिनेत्याचं बालपण दोन-तीन ओळींत संपतं आणि आपण हिरमुसून वही मिटतो. त्यापेक्षा एका भूमिकेपासून सुरू करा. सर्वात गाजलेली भूमिकाही नको, कारण तिच्याबद्दल इतरांनी इतकं लिहिलेलं असतं की आपले डोळे त्यांच्याच वाक्यांनी बघायला लागतात. मी ‘द बिग स्लीप’ (१९४६) पासून सुरू केलं. हॉवर्ड हॉक्सचा सिनेमा. त्यात कुक आहे हॅरी जोन्स, एक किरकोळ इसम, दोनशे डॉलरच्या बदल्यात एका बाईकडची माहिती विकायला आलेला. बाई त्याच्या प्रेमाच्या लायकीची नाही हे प्रेक्षकाला कळतं, बोगार्टने केलेल्या मार्लो या गुप्तहेराला कळतं, फक्त जोन्सला कळत नाही. मग बॉब स्टीलने केलेला मारेकरी त्याला गाठतो आणि ती बाई कुठे आहे ते विचारतो. जोन्स पत्ता सांगतो, आणि वर त्याने दिलेली दारूही पितो. दारूत विष असतं. पत्ता खोटा असतो.

हा प्रसंग तीनदा बघा. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा फक्त त्याच्यासाठी. नायक काय बोलतोय तिकडे दुर्लक्ष करा. तिसऱ्यांदा आवाज बंद करून. चरित्र अभिनेत्याची खरी मेहनत दुसरा बोलत असताना दिसते, आणि आवाज चालू असला की आपले डोळे आपोआप बोलणाऱ्याकडे जातात. आवाज बंद केल्यावर मला कळलं की हॅरी जोन्स घाबरलेला आहे, पण त्या घाबरण्याची त्याला लाज वाटते आहे. पेला हातात घेताना तो हसण्याचा प्रयत्न करतो. एवढं एक वाक्य वहीत आलं की ती वही तुमची झाली. बाकीचं कुठेही मिळतं.

आता रकाने पाडा. वर्ष, सिनेमा, स्टुडिओ, दिग्दर्शक हे चार सगळेच पाडतात. त्यांच्यापुढे मी आणखी पाच पाडले: पात्राचा धंदा, त्याचं खरं वय आणि पात्राचं वय, तो पहिल्यांदा दिसतो ते मिनिट, समोर कोण, आणि शेवट कसा. शेवटचा रकाना अर्थातच मुलीचा. सुरुवातीला तो गंमत म्हणून होता, पण सगळ्यात बोलका तोच निघाला. ‘फँटम लेडी’ (१९४४) मध्ये तो ढोलवादक आहे आणि गळा आवळून मारला जातो. ‘द बिग स्लीप’ मध्ये विष. ‘बॉर्न टू किल’ (१९४७) मध्ये वाळूच्या टेकाडांत ज्याच्यासाठी मरमर केली त्या मित्राच्याच हातून. ‘शेन’ (१९५३) मध्ये चिखलात गोळी. ‘द किलिंग’ (१९५६) मध्येही गोळी, पण तोवर त्याने स्वतःही बऱ्याच झाडलेल्या असतात. हॉलिवूडच्या बोलीत खलनायकाला ‘हेवी’ म्हणत, म्हणजे वजनदार; कुकला ‘हॉलिवूडचा सर्वात हलका हेवी’ असं नाव पडलं होतं. रकाना भरत गेलं की हे नाव कसं पडलं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मिनिटांच्या बाबतीत मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. ‘शेन’ दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळी त्याच्या मरणाची वेळ वेगळी आली. मला वाटलं घड्याळ बिघडलं. घड्याळ ठीक होतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने घेतलेला असतो आणि ‘पाल’ या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ च्या वेगाने धावतो, म्हणजे चार टक्के लवकर संपतो. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत. शिवाय टीव्हीवर जाहिरातींसाठी कात्री चालते. ‘द बिग स्लीप’ च्या तर दोन आवृत्त्या आहेत: एक १९४५ साली परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलेली, दुसरी काही प्रसंग नव्याने चित्रित करून १९४६ साली चित्रपटगृहांत आलेली. तेव्हा मिनिटाशेजारी कोणती प्रत पाहिली ते लिहा. मी लिहिलं नव्हतं. पहिली अकरा पानं पुन्हा केली.

वयाचा रकाना आधी मी उगाच पाडला असं वाटलं होतं. कुकचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, २६ डिसेंबर १९०३. ‘द माल्टीज फाल्कन’ चं चित्रीकरण १९४१ च्या उन्हाळ्यात झालं, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. सिनेमात त्याला काय म्हणतात? पोरगा. दोन पिस्तुलं बाळगणारा, कोटाची कॉलर वर करून कडक दिसायचा प्रयत्न करणारा पोरगा. आणखी मागे जा. १९३३ च्या ऑक्टोबरात ब्रॉडवेवर यूजीन ओनीलचं ‘आह, विल्डरनेस!’ आलं. त्यात जॉर्ज एम. कोहानच्या मुलाची भूमिका कुकने केली. मुलगा शाळकरी वयाचा, कविता वाचून डोकं फिरलेला. करणारा नट एकोणतीस वर्षांचा. ते नाटक १९३५ साली पडद्यावर आलं तेव्हा ती भूमिका एरिक लिंडेनकडे गेली. वहीत या तीन नोंदी एकाखाली एक आल्या आणि मला वाटलं, या माणसाला तरुणपण कधी मिळालंच नाही. चाळिशीपर्यंत पोरगा, आणि नंतर एकदम थकलेला नवरा. मधली वीस वर्षं, ज्यांत माणूस प्रेमात पडतो आणि त्याला कुणी हो म्हणतं, ती त्याच्या भूमिकांत नाहीत.

‘फाल्कन’ मधला हा पोरगा म्हणजे विल्मर. त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेच मी सर्वात जास्त वेळ घालवला. बोगार्ट त्याचा कोट खांद्यावरून खाली ओढतो, हात कोटात अडकतात आणि पिस्तुलं काढून घेतली जातात. प्रेक्षक हसतो. पण पुढे एक जवळून घेतलेला चेहरा आहे. बोगार्टला मारून टाकायची विल्मरला इच्छा आहे, परवानगी नाही, आणि त्या चिडीने त्याचे डोळे भरून आलेले आहेत. रागाने रडू येणं हे लहान मुलांचं लक्षण. सदतीस वर्षांच्या नटाने ते पकडलं आणि वर चेहरा दगडासारखा ठेवला. शेवटी त्याचाच मालक त्याला पोलिसांच्या गळ्यात घालायला तयार होतो. मार खाऊन बेशुद्ध पडलेला विल्मर डोळे उघडतो आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्याला दिसतं. संवाद एकही नाही. इथे रिमोट खाली ठेवा आणि नुसतं बघा.

आता श्रेयनामावली. त्या काळात नावं बहुतेक सिनेमाच्या सुरुवातीला येत आणि मोजकीच येत. कित्येक भूमिका बिननावाच्या जात. याच सिनेमात पक्ष्याची मूर्ती घेऊन दारात येऊन कोसळणारा कप्तान म्हणजे वॉल्टर ह्यूस्टन, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनचे वडील. नामावलीत त्यांचं नाव नाही. म्हणून नटाचे एकूण सिनेमे किती, हा आकडा प्रत्येक यादीत वेगळा सापडतो. त्या आकड्याच्या नादी लागू नका. कुकचे शंभराच्या वर धरा आणि पुढे चला. पण एक नियम मी पाळतो: यादीत नाव आहे म्हणून वहीत घ्यायचं नाही, चेहरा दिसला तरच घ्यायचं. एका सिनेमाचा शेवटपर्यंत डोळे फाडून पिच्छा पुरवला आणि तो दिसलाच नाही. ती ओळ पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. आणि शोधताना नावाची दोन्ही रूपं वापरा. वयाबरोबर त्याच्या नावातला ‘ज्युनियर’ गळत गेला आणि पुढच्या कितीतरी ठिकाणी तो नुसता एलिशा कुक आहे.

स्टुडिओचा रकाना सरळ वरून खाली वाचा. वॉर्नर, युनिव्हर्सल, परत वॉर्नर, आरकेओ, फॉक्स, पॅरामाउंट, युनायटेड आर्टिस्ट्स. मोठे तारे सात-सात वर्षांच्या कराराने एका स्टुडिओच्या दावणीला बांधलेले असत. हा या काळात दारोदार फिरणारा कसबी माणूस दिसतो: आठवड्याच्या बोलीवर यायचं, मरायचं, पैसे घ्यायचे, निघायचं. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला, मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहं सोडावी लागली आणि करारांची ती सगळी व्यवस्था हळूहळू ढिली झाली. ताऱ्यांचं त्यात जे व्हायचं ते झालं. कुकसारख्याचा फक्त पत्ता बदलला. तो टीव्हीच्या दारात उभा राहिला. तुमच्या नटाचंही १९५० नंतर तेच झालेलं दिसेल, म्हणून टीव्हीची पानं वेगळी ठेवा, नाहीतर वही फुगते. कुकच्या टीव्ही भूमिकांतली एक मात्र मी मुख्य वहीत घेतली आहे. १९६७ सालच्या ‘स्टार ट्रेक’ च्या एका भागात तो वकील आहे, संगणक हाताशी असताना कागदी पुस्तकांचे ढीग घेऊन बसणारा. या भागात त्याला कुणी ढकलत नाही, मारत नाही, आणि तो खटला जिंकतो. शेवटच्या रकान्यात मुलीने उद्गारचिन्ह काढलंय.

पैशाबद्दल एक गैरसमज काढून टाका. जुना सिनेमा रात्री टीव्हीवर लागला की आपण समजतो त्या नटाच्या घरी काहीतरी पोचत असेल. नटांच्या संघटनेने १९६० साली संप केला, तेव्हा रोनाल्ड रेगन तिचे अध्यक्ष होते. तडजोड अशी झाली की १९६० पासूनच्या सिनेमांचं टीव्ही प्रक्षेपणाचं मानधन नटांना मिळेल. आधीच्या सिनेमांच्या बदल्यात स्टुडिओंनी निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजनेसाठी साडेबावीस लाख डॉलर एकदाच दिले. म्हणजे विल्मर, हॅरी जोन्स, ‘शेन’ मधला टॉरी, ‘द किलिंग’ मधला पीटी हे चौघे कितीही वेळा टीव्हीवर दिसले तरी कुकला त्याचा वैयक्तिक हिशेब मिळणार नव्हता. सत्तरी ओलांडल्यावरही माणूस काम का करतो, याचं उत्तर लिहिताना ‘कलेचं वेड’ हा शब्द हातचा राखून ठेवा. वेड असेलही. पण आधी हिशेब बघावा.

इतकं झाल्यावर मग आयुष्याकडे या. डाव्या पानावर भूमिका, उजव्या पानावर माणूस, वर्षं समोरासमोर. शिकागोत वाढला, पोरवयातच रंगमंचावर उतरला. दुसऱ्या महायुद्धात लष्करात गेला. माझ्या वहीत डावीकडे १९४३ ची ओळ कोरी आहे आणि समोर उजवीकडे तिचं कारण लिहिलेलं आहे. अशी जोडी जमली की मला कोडं सुटल्यासारखं वाटतं. ऑस्करच्या रकान्यात काहीच नाही. एकदाही नामांकन नाही. सहायक भूमिकांसाठीची ऑस्कर १९३६ च्या सिनेमांपासून सुरू झाली, पहिलं ब्रेननने घेतलं आणि पुढच्या चार वर्षांत आणखी दोन. रिटरला सहा नामांकनं मिळाली, बाहुली एकही नाही. पारितोषिकांवरून चरित्र अभिनेता मोजायला गेलात तर निम्मी माणसं हातातून सुटतील.

दंतकथा निराळ्या शाईने लिहा. कुकबद्दलची सर्वात लाडकी कथा जॉन ह्यूस्टनने सांगितलेली: हा गडी सिएरा पर्वतात एकटाच राहतो, माशीसारखे दिसणारे गळ बांधतो, सोनेरी ट्राउट मासे पकडतो, आणि हॉलिवूडला गरज पडली की वर डोंगरात त्याच्याकडे निरोप्या पाठवावा लागतो. वाचल्याबरोबर आवडलीच. पण उजव्या पानाशी ताडून बघा. माणूस लग्न केलेला होता, आणि एकाच बाईशी दोनदा. तेव्हा ‘एकटाच’ हा शब्द ह्यूस्टनच्या खात्यात टाका. डोंगर मात्र खरा. १८ मे १९९५ ला तो वारला तेव्हा एक्याण्णव वर्षांचा होता, आणि गाव होतं बिग पाइन, कॅलिफोर्नियातलं, त्याच सिएराच्या पायथ्याशी. ‘फाल्कन’ च्या प्रमुख नटांपैकी तो शेवटचा. गोष्टीत ज्याला सगळ्यांनी मिळून बळी द्यायचं ठरवलं, तो सगळ्यांना पोचवून गेला.

आणखी शोधायचं असेल तर ब्रॉडवेची नोंदवही आणि अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची सूची संगणकावर फुकट पाहता येते. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, त्यामुळे १९५० ची पानं २०२२ पासून उपलब्ध आहेत. त्यात धंद्याच्या रकान्यात नटाने काय सांगितलं ते वाचायला मजा येते. हे सगळं करा, पण सिनेमे आधी. कागदांपासून सुरुवात केलेली एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात सगळं बरोबर आहे, आणि ती माझ्याच्याने वाचवत नाही.

शेवटी ‘समोर कोण’ हा रकाना तपासा, कारण पुढचा नट तिथेच सापडतो. ‘द किलिंग’ मध्ये स्टॅन्ली क्युब्रिकने कुकला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचा रोखपाल केलाय, जॉर्ज पीटी. बायको आहे मेरी विंडसर, त्याच्यापेक्षा उंच आणि त्याला बोटावर नाचवणारी. खिडकीमागे दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणारा हा माणूस दरोड्यात उतरतो तो बायकोने एकदा नीट बघावं म्हणून. तेवीस वर्षांनी, १९७९ साली, टोबी हूपरने ‘सेलम्स लॉट’ ही टीव्ही मालिका केली. त्यात वसतिगृह चालवणारी बाई मेरी विंडसर, आणि तिच्या घरी राहणारा म्हातारा दारुडा एलिशा कुक. मालिका पिशाच्चांची आहे, पण या दोघांना एका चौकटीत पाहिल्यावर मला पिशाच्चांची भीती काही वाटेना. मी मुलीला हाक मारली. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, “बाबा, ही तीच ना? गोळी घातली होती ना त्याने हिला?”

तीच. तिची वही आता मुलीकडे आहे.